‘४७’ हे उत्तर आलं कुठून?

पत्र थोडक्यात : एका आईने लिहिलं आहे. मुलगी ११ वर्षांची, दोन वर्षांपासून माइनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम खेळते. ठोकळ्यांवर ठोकळे रचत मुलं या खेळातून गणित, विज्ञान, इतिहास शिकतात असं आईने वाचलं होतं, म्हणून सुरुवातीला तिनेच उत्तेजन दिलं. मुलीने खेळात तीन मजली ग्रंथालय बांधलं आहे, जिने आणि कमानींसकट. परवा घनफळाच्या चाचणीत मात्र तिला २० पैकी ९ गुण मिळाले. लहान घन रचून केलेल्या ५ × ४ × ३ च्या इष्टिकाचितीचं चित्र दिलं होतं, एकूण घन किती ते विचारलं होतं. तिने ४७ लिहिलं. ‘रोज हजारो ठोकळे रचणाऱ्या मुलीला साधे ठोकळे मोजता येऊ नयेत?’ महिनाभरापासून आई खेळाच्या वेळी शेजारी बसून प्रश्न विचारते, उदाहरणांची पानं करून देते. त्यावर मुलगी म्हणाली, ‘आई, आता हा खेळपण शाळा झाला.’ हल्ली आई खोलीत आली की ती खेळ बंद करते. वडिलांचं म्हणणं, शिकणंबिकणं काही नाही, खेळ काढून टाकावा. आई विचारते : खेळ बंद करू, की शिकवण्यासाठी वापरत राहू? आणि इतके दिवस मी स्वतःचीच समजूत घालत होते का?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका आकड्यापाशी थांबले. ४७. कागद घेऊन ते चित्र काढून पाहिलं. वरच्या पृष्ठावर ५ गुणिले ४ म्हणजे २० चौकोन दिसतात. समोरच्या पृष्ठावर ५ गुणिले ३, म्हणजे १५. बाजूच्या पृष्ठावर ४ गुणिले ३, म्हणजे १२. तिन्हींची बेरीज ४७.

तुमच्या मुलीने अंदाजपंचे उत्तर लिहिलेलं नाही. चित्रात जेवढे चौकोन दिसतात तेवढे सगळे तिने नीट मोजले आहेत आणि मोजणीत एकही चूक केलेली नाही. तिची गफलत दुसरीकडे आहे. दिसणारा प्रत्येक चौकोन म्हणजे एक ठोकळा, असं तिने धरलं. कोपऱ्यावरच्या एकाच ठोकळ्याच्या दोन किंवा तीन बाजू दिसतात, त्या तिने वेगवेगळ्या मोजल्या. आणि जे ठोकळे मागे किंवा आत लपले आहेत ते तिच्या मोजणीत आलेच नाहीत. ते ४७ चौकोन खरं तर ३६ ठोकळ्यांचे आहेत. उरलेले २४ ठोकळे चित्रात दिसतच नाहीत. एकूण ६०.

मी बरीच वर्षं या वयाच्या मुलांना गणित शिकवलं आहे. ही चूक मला फार ओळखीची आहे, आणि ती करणारी मुलं मठ्ठ नसतात. ती पृष्ठ पाहतात, पोटात काय आहे ते अजून त्यांना दिसत नाही. तपासणाऱ्याच्या लाल रेघेला हे सांगता येत नाही. त्या रेघेच्या लेखी ४७ आणि ५३ सारखेच चूक. आपण आईवडीलही २० पैकी ९ एवढंच पाहतो आणि तिथूनच घाबरायला लागतो. म्हणून खेळाचं काय करायचं हे ठरवण्याआधी एक विनंती : तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढा आणि राहिलेल्या ११ गुणांपैकी प्रत्येक चुकीमागे तिने काय विचार केला असेल ते शोधा. कदाचित सगळ्या चुकांचं मूळ हेच एक निघेल.

आता तुमचा प्रश्न. रोज ठोकळे रचणाऱ्या मुलीला ठोकळे का मोजता येऊ नयेत?

कारण रचताना तिला मोजायची गरजच पडलेली नाही. तिचं ग्रंथालय ज्या पद्धतीने उभं राहिलं ती डोळ्यांपुढे आणा. ती बहुधा क्रिएटिव्ह मोडमध्ये बांधते. तिथे ठोकळे संपत नाहीत, उंचावरून पडलं तरी काही होत नाही, हवं तर उडत उडत बांधता येतं. भिंत जिथे संपवावीशी वाटते तिथे संपते. कमी पडले तर आणखी ठोकळे, जास्त झाले तर फोडून टाकायचे. जिथे काहीच कमी पडत नाही तिथे आधी हिशेब कशाला करायचा? शिवाय बांधकाम कितीही मोठं असलं तरी डोळ्यांना दिसतं ते त्याचं बाहेरचं आवरणच. म्हणजे जी सवय चाचणीत नडली, ती दोन वर्षं खेळातही नकळत पक्की झाली असेल. खेळाने तिला काहीच दिलं नाही असं मी म्हणत नाही. आराखडा डोक्यात धरून ठेवणं, तीन मजल्यांचे जिने एकमेकांत बसवणं, चुकलं की पाडून पुन्हा बांधणं, हे तिला येतं आणि ते थोडं नाही. पण यातलं काहीही आपोआप घनफळाच्या सूत्रात बदलत नाही.

हे फक्त या एका खेळाचं नाही. टेट्रिसबद्दल व्हॅलेरी सिम्स आणि रिचर्ड मेयर यांनी २००२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वरून पडणारे तुकडे फिरवून रांगेत बसवायचा तो खेळ. त्यात तरबेज असलेले लोक टेट्रिसच्याच किंवा त्यांच्यासारख्या आकारांना मनात फिरवण्यात इतरांपेक्षा पटाईत निघाले. पण आकारांचं, जागेचं भान तपासणाऱ्या बाकीच्या चाचण्यांत ते पुढे नव्हते. खेळात कमावलेलं कौशल्य खेळाजवळ राहतं. तिथून वहीपर्यंत त्याला कोणीतरी हात धरून आणावं लागतं.

तेव्हा ‘या खेळातून मुलं शिकतात’ हे वाक्य तुम्ही वाचलंत ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. शाळांमध्ये हा खेळ खरोखर वापरला जातो. २००९मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, २०११मध्ये पूर्ण झाला, २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही स्वीडिश कंपनी विकत घेतली आणि २०१६मध्ये शाळांसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढली. त्या आवृत्तीत तयार धडे आहेत, मूलद्रव्यं जोडून संयुगं बनवता येतात, प्रोग्रॅमिंग करता येतं. पण तिथेही वर्गात एक शिक्षक असतो. तो मुलांना थांबवतो, ‘असं का झालं?’ विचारतो आणि पडद्यावरचं फळ्यावर मांडतो. खेळ तोच असतो, पण शिकणं त्या थांबण्यात आणि बोलण्यात घडतं. ती आवृत्ती तुमच्याकडे नसली तरी काही अडत नाही. साधा खेळ, एक चौकटींची वही आणि तुमचं थोडं कुतूहल एवढ्यावर भागतं.

ठोकळ्यांतून शिकवणं ही कल्पनाही या खेळाबरोबर जन्मलेली नाही. १८३७मध्ये जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने लहान मुलांसाठी आपली संस्था सुरू केली, तिचंच पुढे ‘किंडरगार्टन’ झालं. त्याच्या खेळसाहित्यात लाकडाचा एक घन होता, आठ लहान घनांचा बनलेला. मूल तो उघडायचं, सुटा करायचं, पुन्हा जुळवायचं. तुमच्या मुलीच्या हातून नेमकं हेच राहिलं आहे. तिने पुष्कळ बांधलं, पण बांधलेलं उघडून पाहिलं नाही.

मग शेजारी बसून तुम्ही प्रश्न विचारत होतात, तेही हात धरून आणणंच होतं ना? हो, होतं. तुमचा हेतू मला मनापासून पटतो. वेळ चुकली. ती कमान चढवत असताना ‘आतापर्यंत किती ठोकळे लागले?’ असं विचारणं म्हणजे कोणी कविता लिहीत असताना मात्रा मोजायला सांगणं. विचारायचंच असेल तर ती हात पुसून मागे सरकून बघते, तेव्हा. दुसरी गोष्ट, तुमच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत होती. मुलांना हे लगेच कळतं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे तो प्रश्न म्हणजे परीक्षा. आणि तिसरी गोष्ट जरा हळुवारपणे सांगते. घरातली ही एकच जागा होती, जिथे काय बांधायचं, कुठे थांबायचं, काय पाडायचं हे ती ठरवत होती. तिथेही उदाहरणांची पानं आली. ‘आता हा खेळपण शाळा झाला’ या वाक्यात मला आळस ऐकू येत नाही. तिथे तिला राखण करावीशी वाटते आहे. स्वतःला जपणाऱ्या मुलीचं ते वाक्य आहे.

याच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते पुष्कळ पालकांच्या मनात असतं आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नातही आहे. खेळायला परवानगी द्यायची तर त्यातून काहीतरी पदरात पडलं पाहिजे. नाही पडलं, तर आपली फसवणूक झाली. ताई, तिचं खेळणं शैक्षणिक ठरलं तरच योग्य, असं का? ती आनंदाने खेळते, काहीतरी घडवते, ते तुम्हाला दाखवावंसं तिला वाटायचं. तेवढ्यावर रोजचा थोडा वेळ तिचा असू शकतो. तुम्ही स्वतःची समजूत घालत नव्हतात. खेळावर प्रेम करायला तुम्हाला फक्त एक मोठं कारण लागत होतं.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. झोप, गृहपाठ, मैदानावरचं खेळणं, घरच्यांशी बोलणं यातलं काही या खेळाने खाल्लं असेल तर वेळ कमी केलाच पाहिजे, आणि तिथे ‘पण ती शिकते आहे’ ही सबब चालू नये. अनोळखी लोकांबरोबर एखाद्या खुल्या सर्व्हरवर ती खेळत असेल तर ते आजच बघा. तिथे कोण काय बोलतं याची खात्री नसते, ओळखीच्या चार मैत्रिणींपुरतं खासगी जग पुरे. पण पत्रात यातली एकही तक्रार नाही. तक्रार आहे ती ९ गुणांची. त्या चाचणीवरून खेळ काढून टाकला तर घनफळ येणार नाहीच. उलट ‘गणित आलं नाही म्हणून माझी आवडती गोष्ट गेली’ एवढंच तिच्या लक्षात राहील. आधीच डळमळीत असलेल्या विषयाशी राग जोडला जाईल. त्यांना तो ४७चा हिशेब दाखवा. चूक समजली की बहुतेक वडिलांचा आवाज खाली येतो.

म्हणजे माझं मत : खेळ राहू द्या, त्यातली शिकवणी बंद करा. निदान तीन आठवडे एकही प्रश्न नको. तुम्ही खोलीत आलात तरी ती खेळ बंद करणार नाही असं पुन्हा वाटू लागलं की आठवड्यातून एकदा, अर्धा तास, तिची मर्जी असेल तर, दोघी मिळून काहीतरी करा. तो अर्धा तास तिच्या खेळाच्या वेळातून कापायचा नाही, वेगळा ठेवायचा. आणि ‘एवढं केलंस तर तेवढा खेळ’ असा सौदाही नको, त्याने दोन्हींची गोडी जाते.

सुरुवात त्या चित्रापासूनच करा. खेळात ५ × ४ × ३ चा भरीव ढीग तिला रचायला सांगा, पण प्रत्येक थर वेगळ्या रंगाचा. तीन रंग, तीन थर. बाहेरून किती चौकोन दिसतात ते तीच मोजेल, आणि चौकोन ४७ असले तरी ठोकळे तेवढे का नाहीत हे तुम्ही न सांगता तिच्या लक्षात येईल. मग वरचा थर फोडायचा, फोडता फोडता मोजायचा. २०. दुसरा थर, पुन्हा २०. तिसरा थर ती मोजणार नाही, सांगून टाकेल. तो क्षण आला की गप्प बसा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची या सूत्राचा सगळा अर्थ तिथे आहे : एका थरात किती, आणि असे थर किती. नंतर तोच ढीग चौकटींच्या वहीत तिला काढू द्या. थर वेगवेगळे सोडवून काढू द्या. पडद्यावर जे कळलं ते कागदावर पोचतं ते या पायरीवर, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

पुढच्या वेळी तिला एक खोली बांधायला सांगा, पण सर्व्हायव्हल मोडमध्ये. तिथे प्रत्येक ठोकळा खणून आणावा लागतो, त्यामुळे हिशेबाला किंमत येते. खोली बाहेरून ९ लांब, ७ रुंद, ५ उंच. भिंती, तळ आणि छत एकेका ठोकळ्याचं. खाणीत उतरण्याआधी किती दगड लागतील? भिंतीचा एक थर घ्या. परिमिती काढली तर ३२ येते. प्रत्यक्षात ठोकळे लागतात २८. चार कुठे गेले? हा प्रश्न मी अनेक मुलांना विचारला आहे आणि दरवेळी कोणीतरी उठून कोपऱ्याकडे बोट दाखवतं. प्रत्येक कोपरा दोन भिंतींत मोजला गेला. रेघेची लांबी आणि ठोकळ्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पाठ्यपुस्तकाच्या सपाट आयतात इतकं ठसठशीत कधी दिसत नाही. मग तळ ६३, छत ६३, मधले तीन थर २८चे म्हणजे ८४, एकूण २१०. दुसऱ्या वाटेने जाऊन पाहा : सगळी खोली भरीव असती तर ३१५ ठोकळे, आतली पोकळी ७ × ५ × ३ म्हणजे १०५, वजा केले की २१०. दोन वाटा एकाच उत्तराला येतात तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही गुणपत्रिकेत मावत नाही. खेळाडूच्या पिशवीच्या एका खणात ६४ दगड राहतात. २१० म्हणजे तीन भरलेले खण आणि वर १८. भागाकार आणि बाकी इतक्या निकडीने एरवी कधी भेटते?

हे तिला आवडलं तर एक मोठं काम सांगते. गीझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड. त्याचा पाया सुमारे २३० मीटर, मूळची उंची सुमारे १४६ मीटर. खेळातला ठोकळा एक मीटरचा धरतात, म्हणून दशांश प्रमाण घेऊ : पाया २३ ठोकळे. प्रत्येक थर चारही बाजूंनी एकेक ठोकळा आत घ्यायचा. २३, २१, १९ असं करत टोकाला १. थर होतात १२. पण १४६चा दहावा भाग १४ किंवा १५ येतो. आपला पिरॅमिड बुटका का झाला? एक पायरी आत, एक पायरी वर, म्हणजे उतार ४५ अंशांचा. खऱ्या पिरॅमिडच्या बाजूचा उतार जवळपास ५२ अंशांचा आहे. ती हे अंशांत सांगू शकली नाही तरी ‘काही थर आत न घेता तसेच चढवायला हवेत’ एवढं नक्की म्हणेल, आणि उतार म्हणजे काय हे तिला त्या दिवशी समजलेलं असेल. आणि ठोकळे किती लागले? २३चा वर्ग, २१चा वर्ग, असं १पर्यंत : एकूण २३००. खेळाडूच्या पिशवीत खण ३६, प्रत्येकात ६४, म्हणजे २३०४ ठोकळे मावतात. पूर्ण पिरॅमिड एका खेपेत उचलता येतो, वर चार उरतात! हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मलाच फार आनंद झाला होता.

विज्ञानासाठी मात्र वेगळी चाल हवी. या खेळात विज्ञान जितकं बरोबर आहे त्याहून जास्त चुकीचं आहे, आणि तीच त्याची खरी संपत्ती. अनेक पालक चुकीचं विज्ञान म्हणून नाक मुरडतात. मी म्हणेन, ‘खेळ कुठे खोटं बोलतो?’ ही शिकार तिच्या हाती द्या. झाडाचं खोड मधूनच तोडलं तर वरचा भाग हवेत लटकतो. वाळू मात्र खाली पडते. मग गुरुत्वाकर्षण आहे की नाही? खेळातला दिवस २० मिनिटांचा, म्हणजे आपल्या दिवसाच्या ७२ पट वेगाने जाणारा. त्या जगात रोप एका दिवसात वाढतं असं म्हणायचं की आठवड्यात? हिरे खेळात अगदी तळाशी मिळतात. पण तो तळ समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर खाली आहे, आणि खरे हिरे सुमारे १५० किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतात. मग ते खाणीपर्यंत वर आले कसे? उत्तर ज्वालामुखीत आहे आणि ते शोधताना ती भूगोलाच्या पुस्तकात स्वतः शिरेल. लाव्ह्यावर पाणी पडलं की खेळात ऑब्सिडियन होतो. ही गोष्ट बरीचशी खरी : लाव्हा झपाट्याने थंड झाला तर स्फटिक बनायला वेळ मिळत नाही आणि ही ज्वालामुखी काच तयार होते.

सगळ्यांत मजा सोन्याची. एक घनमीटर सोन्याचं वस्तुमान सुमारे १९,३०० किलो. तुमच्या मुलीचा खेळाडू असे २३०४ ठोकळे घेऊन धावतो, उड्या मारतो. एकूण किती ओझं? सुमारे ४४,००० टन. हा गुणाकार तिला स्वतः करू द्या. घनता हा शब्द तिला अजून शिकवलेला नसला तरी ती तो मागेल.

भाषेसाठी एवढंच पुरे : खेळात रात्री राक्षस येतात, तेव्हा नवख्या मैत्रिणीला ‘पहिली रात्र कशी काढायची’ हे एका पानात लिहून द्यायला सांगा. मैत्रीण त्या पानावरून खेळेल, आणि वाक्य कुठे गोंधळाचं आहे ते आपोआप उघड होईल. इतिहासाबद्दल मी साशंक आहे. चित्र बघून किल्ला किंवा देऊळ उभारलं की आकार समजतो, पण ते कोणी, कोणाच्या श्रमावर, कशासाठी बांधलं हे खेळ सांगत नाही. तिथे पुस्तकाशिवाय आणि गप्पांशिवाय भागणार नाही.

तुमच्यासारख्या इतर पालकांसाठीही इथे दोन गोष्टी लिहून ठेवते. मूल थोडं मोठं असेल तर त्याला रेडस्टोन दाखवायला सांगा. ही खेळातली वीज. तिचा जोर १५पासून सुरू होतो आणि दर ठोकळ्यामागे एकाने उतरतो. ती वापरून मुलं दार उघडणारी यंत्रं बनवतात, आणि ‘हे आणि ते दोन्ही असेल तरच’, ‘हे नसेल तर’ अशा अटी जोडतात. संगणकाच्या आतला तर्क नेमका असाच चालतो. तसंच X, Y, Z हे आकडे. आपलं स्थान दाखवणारे हे निर्देशक पडद्यावर आणता येतात. पूर्वेला गेलं की X वाढतो, पश्चिमेला कमी होतो आणि शून्य ओलांडलं की ऋण होतो. उणे १२०वर असलेल्या गुहेतून अधिक ४५वरच्या घरी यायला किती चालायचं, हे ज्या मुलाने रात्र पडायच्या आत धावत केलं आहे, त्याला पूर्णांकांची वजाबाकी समजावताना मी निम्म्याहून कमी खडू वापरला आहे. पण इथेही ते आकडे वहीतल्या संख्यारेषेवर कोणीतरी ठेवून दाखवावे लागलेच.

आणि तिने नकार दिला तर? ‘मला नाही करायचं’ म्हणाली तर? मग नाही करायचं. घनफळ शिकायला खेळच हवा असं मुळीच नाही. घरात लाकडी ठोकळे किंवा सारख्या आकाराच्या काड्यापेट्या असतील तर त्या थराथराने रचून तेच काम होतं, दहा मिनिटांत. तिचं जग तिच्याकडे राहू द्या आणि गणित टेबलावर करा. तीही चांगली वाट आहे.

सुरुवात कशी करू, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण ओळींच्या मधे ते मला दिसलं. मुलगी तुम्ही आलात की पडदा बंद करते, त्यामुळे पहिलं पाऊल तुमचंच असायला हवं. उद्या तिला सांगा की तुझं ४७ कसं आलं ते मला कळलं, तू मोजणीत चुकली नव्हतीस. ते तीन आकडे तिच्यासमोर लिहा : २०, १५, १२. पुढे काही शिकवू नका. मग ग्रंथालय दाखवशील का विचारा. ती दाखवेल तेव्हा वही बरोबर नेऊ नका. कुठल्या मजल्यावर कुठली पुस्तकं ठेवली आहेत, ते तिलाच सांगू द्या.